पहिल्याच सेमिस्टरला तीन लॅब

शनिवार, ३१ ऑगस्ट २००२

आज आमच्या ऑफिसातली एक थोर परंपरा संपुष्टात आली. इतिहासात नोंद व्हावी म्हणून लिहून ठेवतो. धाकट्या अरबाबांनी, म्हणजे मालकांच्या चिरंजीवांनी, उकळलेल्या चहाच्या जागी चहाचं मशीन आणलं. या यंत्राला बटणं सहा आणि नळी एक. त्याच नळीतून चहा, त्याच नळीतून कॉफी आणि त्याच नळीतून टोमॅटो सूप. माझ्या आधी अकाउंट्सचा विजयकुमार सूप घेऊन गेला होता. अद्वैत मी कॉलेजात दोन वर्षं शिकलो, पण ते चाखायला मिळालं आज.

निषेधाचं पत्र लिहायला घेतलं होतं. पत्रं लिहिणं हाच माझा धंदा आहे. व्हिसावर माझा हुद्दा 'करस्पॉन्डंट' असा आहे. म्हणजे शारजाच्या औद्योगिक भागात बसून पंप आणि बेअरिंग विकणाऱ्या या कंपनीची सगळी इंग्रजी पत्रं लिहायची. संस्कृतात एम. ए. होऊन मिरजेहून निघालेल्या माणसाने पंपांवर इतकी वर्षं गद्यलेखन केलं, हे कुठल्याही वाङ्मयाच्या इतिहासात येणार नाही. निषेधपत्र शेवटी फाडलं. हल्ली धाकट्या अरबाबांना कागद दिला की ते तो उलटासुलटा करून बघतात, जणू प्लग कुठे आहे ते शोधतायत.

उद्या लेकीला, अस्मीला, घेऊन विद्यापीठात जायचंय. पहिल्या सेमिस्टरचे विषय ठरवायचे आहेत. यात ठरवायचं काय, ते मला कळलेलं नाही. डॉक्टर व्हायचं असेल तर विषय ठरलेलेच असतात.

रविवार, १ सप्टेंबर

विद्यापीठ नवं आहे. आवारातली खजुराची झाडं त्याहून नवी, अजून काठ्यांना बांधलेली. पद्धत अमेरिकन. आधी प्री-मेड, मग मेडिकलची जागा. पहिल्या सेमिस्टरला सरासरी चारपैकी तीन पॉइंटच्या खाली गेली तर प्री-मेडमधून नाव बाहेर. मग जनरल सायन्स करा आणि औषधाच्या कंपनीत नोकरी शोधा.

प्री-मेडच्या मुलांना सल्ला द्यायला डॉ. रशीदा म्हणून एक सुदानी बाई आहेत. बायॉलॉजी शिकवतात. उंच, आवाज खालचा, आणि समोरच्याला बोलू देऊन नंतर त्याचं काहीही न ऐकण्याची कला त्यांना साधलेली आहे. ती कला माझ्याकडेही असल्यामुळे बैठक लांबली.

त्यांनी अस्मीसमोर एक कागद सरकवला. बायॉलॉजी लॅबसकट, केमिस्ट्री लॅबसकट, सोपं मॅथ्स, इंग्लिश, आणि पाचवा विषय संगीताचा आस्वाद.

"फिजिक्स?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी."

"मॅडम, आमच्याकडे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी ही चार भावंडं आहेत. एकाला घरी ठेवून तिघांना जत्रेला नेत नाहीत."

"मिस्टर मधू, यांतल्या तिघांना लॅब आहेत. पहिल्या सेमिस्टरला दोन लॅब पुरतात. माझी हुशार मुलं तिसऱ्या लॅबला पडतात. आणि एक विषय असा हवा की मूल त्यात श्वास घेईल."

"श्वास घ्यायला आम्ही फी भरत नाही," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. अस्मी नखं बघत होती. "अस्मी, तुला काय वाटतं?" असं बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "व्हॉटेव्हर बाबा सेज इज फाइन." मुलीला वळण आहे.

घरी येऊन मी स्वतः मांडणी केली. तिन्ही सायन्स, खरं कॅल्क्युलस आणि इंग्लिश. अठरा क्रेडिट. लॅबचा बाऊ उगाच करतात. एकेका लॅबला क्रेडिट एक, म्हणजे तास एक. आठवड्यात तीन तासांनी कोणाचं काय जातं? शिवाय असं केलं आणि उन्हाळ्यात सुट्टी घेतली नाही, तर प्री-मेडची तीन वर्षं दोनात बसतात. वेळ वाचतो.

अडचण एकच. पहिल्या सेमिस्टरला सोळाच्या वर जायला डीनची परवानगी लागते. म्हणजे पत्र लागतं. आता बघूच.

बुधवार, ४ सप्टेंबर

परवानगी आली. माझ्या पत्राला डीननी दोन ओळींचं उत्तर दिलं आणि त्यातली एक ओळ 'सुंदर लिहिलेल्या पत्राबद्दल आभार' अशी आहे. या देशात माझ्या गद्याचं हे पहिलं रसग्रहण. अस्मीने फॉर्मवर काही न बोलता सही केली. डॉ. रशीदांनीही केली, पण पेन कागदावर नको इतकं दाबून.

बायको, सुमेधा, म्हणाली, "अहो, त्या बाई रोज मुलं बघतात. त्यांना काहीतरी कळत असेल ना?"

मी म्हणालो, "त्या मुलं बघतात, मी अस्मी बघतो."

ती आत कुकर बघायला गेली.

मंगळवार, १० सप्टेंबर

गणपती बसले. मूर्ती दरवर्षीप्रमाणे बर दुबईतून आणली. संध्याकाळी विजयकुमार, संजनावहिनी आणि त्यांचा विघ्नेश आले. विघ्नेश त्याच विद्यापीठात प्री-मेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानेही पहिल्या सेमिस्टरला चारही विषय घेतले होते, ही गोष्ट संजनावहिनी मोदकाइतक्याच नियमाने सगळ्यांना वाढतात.

"आमच्या विघ्नेशला तर काही जडच गेलं नाही हो. म्हणायचा, मम्मी, इट्स नथिंग."

"अस्मीनेही सगळे घेतलेत," मी म्हणालो. "डीनच्या खास परवानगीने." खास या शब्दावर थोडा रेंगाळलो, ते कबूल करतो.

विघ्नेश म्हणाला, "अंकल, यू आर ब्रेव्ह."

मुलगा चांगला आहे. नंतर तो आणि अस्मी बाल्कनीत बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. अभ्यासाचंच असणार.

गुरुवार, २६ सप्टेंबर

उद्या शुक्रवारची सुट्टी, म्हणून ऑफिस अर्धा दिवस. पत्र एकच, तेही कस्टम्सला. रास अल खोरच्या गोडाउनातून आलेल्या तक्रारीवर मी सव्वा पानाचा मसुदा केला होता. धाकट्या अरबाबांनी तोवर ईमेलने उत्तर पाठवलं होतं: 'नोटेड. विल चेक.' मी म्हणालो, यात आदर कुठे आहे, खेद कुठे आहे, पुढील व्यवहाराची आशा कुठे आहे? ते म्हणाले, "मिस्टर मधू, हबीबी, चेक तो कर लिया ना. खलास." मशीनचा चहा प्यायलो. आज सूप नव्हतं, कॉफी होती.

घरी आलो तर अस्मी सोफ्यावर बूट घालूनच झोपलेली. हातात कॅल्क्युलेटर. उठवलं नाही. प्राचीन काळी विद्यार्थी जमिनीवर झोपत. त्या मानाने सोफा ठीक आहे.

लॅब तीन तासांची असते असं कळलं. क्रेडिट एक, तास तीन. आणि वर रिपोर्ट. ही लबाडी हँडबुकात बारीक अक्षरात आहे. निषेध.

बुधवार, ९ ऑक्टोबर

पहिल्या परीक्षांचे मार्क आले. बायॉलॉजी ७४. केमिस्ट्री ५८. कॅल्क्युलस ६३. फिजिक्स ४१.

मी अस्मीला म्हटलं, "बायॉलॉजी तर तुझा हातखंडा विषय. शाळेत कधी नव्वदच्या खाली नव्हतीस."

"आय डिडन्ट गेट टाइम टू रीड इट, बाबा. आय वॉज डूइंग फिजिक्स."

"मग फिजिक्समध्ये ४१ कसे?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की प्रश्न मीच मागे घेतला.

सुमेधाने कॅलेंडर बघितलं. या महिन्याच्या सव्वीस तारखेपर्यंत एखादा विषय सोडता येतो. मार्कांच्या पत्रकावर त्या विषयापुढे डब्ल्यू येतो, बाकी काही नाही. "बाकी काही नाही" हे तिचे शब्द. मी म्हणालो, ते अक्षर जन्मभर राहतं. आपल्या घरात कोणी अर्ध्यातून विषय सोडलेला नाही. वेद अर्धे सोडून उठलेला ब्राह्मण आणि डब्ल्यू मिळालेला डॉक्टर, दोघांकडे माणसं एकाच नजरेने बघतात.

"कोण माणसं?" सुमेधाने विचारलं.

नवं वेळापत्रक केलं आहे. पहाटे फिजिक्स. मी स्वतः उठवणार.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

हा आठवडा लिहावासा वाटला नाही, पण लिहितो.

मंगळवारी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अस्मीचा हात हॉट प्लेटला टेकला. मनगटाच्या वर भाजलं. फार नाही. ती म्हणते, उभ्या उभ्या एक क्षण डोळा लागला. सुमेधाने मलम लावलं आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही बाई एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही.

"वेळापत्रक तुम्ही केलंत. आता असं करा, या आठवड्यातला एक रिपोर्ट तुम्ही लिहून द्या. नुसता एक. मग मला सांगा, हलकं आहे का."

आव्हान स्वीकारलं. पत्रलेखनात मी कोणाला हार जाणार नव्हतो. फिजिक्सचा रिपोर्ट होता, लंबकावरचा. आकडे अस्मीचे, भाषा माझी. सुरुवात केली: 'विथ रेफरन्स टू द अबव्ह पेंड्युलम, वुई बेग टू स्टेट...' पुढे 'सोर्सेस ऑफ एरर' असं एक सदर होतं. त्याखाली मी घडलेल्या चुकांबद्दल दिलगिरी व्यक्त केली, असा प्रकार पुन्हा होणार नाही याची ग्वाही दिली आणि लंबकाशी असलेले संबंध यापुढेही सौहार्दाचे राहतील अशी आशा प्रकट केली.

अस्मीने वाचलं आणि हसायला लागली. महिनाभरात पहिल्यांदा. "बाबा, यू अपॉलोजाइज्ड टू द पेंड्युलम." हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. मग माझं हसणं थांबलं आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. सुमेधा तिला आत घेऊन गेली.

दमली असेल. सेमिस्टरच्या मध्यावर सगळ्यांचंच होतं. पहाटेचं फिजिक्स दोन दिवस बंद ठेवलंय. फक्त दोन.

शनिवार, २६ ऑक्टोबर

जेवताना अस्मी म्हणाली, "आय ड्रॉप्ड फिजिक्स."

आमटीचा डाव माझ्या हातात होता. तो तसाच राहिला.

"कधी?"

"टुडे. लास्ट डे होता."

"कोणाला विचारून?"

"डॉ. रशीदाने साइन केलं. अँड मी. दॅट्स ऑल दे नीड."

मी बराच बोललो. त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. डीनला लिहिलेल्या पत्राचं काय, असंही मी विचारलं. माझं ते पत्र आणि तिचा तो एका ओळीचा फॉर्म.

अस्मी उठली नाही, रडली नाही. भाजलेला हात मांडीवर ठेवून बसली होती. म्हणाली, "बाबा, फिजिक्समध्ये माझे फॉर्टी वन. ॲट बेस्ट, आय गेट अ डी. विथ अ डी, आय गो बिलो थ्री आणि प्री-मेडमधून आउट. विदाऊट फिजिक्स, आय हॅव अ चान्स. आय डिड द मॅथ. तुम्ही नाही केलं."

"मला विचारायचं तरी होतंस."

"इफ आय आस्क, यू विल से नो. सो आय डिडन्ट आस्क."



सोमवार, २८ ऑक्टोबर

ऑफिसातून सुट्टी काढून विद्यापीठात गेलो. सुट्टी लगेच मिळाली. धाकट्या अरबाबांनी कारणही विचारलं नाही.

डॉ. रशीदांनी मला बसवलं, चहा दिला. खरा चहा, पुदिन्याचा. मग सांगितलं की अस्मीच्या विषयांबद्दल त्या माझ्याशी बोलू शकत नाहीत.

"मी तिचा बाप आहे."

"म्हणूनच तुम्ही तिला विचारा. ती अठरा वर्षांची आहे. तिचा कागद तिचा आहे."

"आमच्याकडे कागद कुटुंबाचा असतो, मॅडम."

"आमच्याकडेही," त्या म्हणाल्या. "मी खार्तूममध्ये शिकले. माझ्या वडिलांनी मला सगळे विषय घ्यायला लावले होते. तुमच्यासारखंच सुंदर पत्र लिहून."

"आणि तुम्ही?"

"मी डॉक्टर झाले नाही, मिस्टर मधू. मी बायॉलॉजी शिकवते. ही नोकरी मला आवडते, पण मी ती निवडली नव्हती."

मी चहा संपवला. परतताना एमिरेट्स रोडवर दोन वेळा चुकीचं वळण घेतलं. मी त्या बाईंना अजिबात माफ केलेलं नाही.

सोमवार, ४ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. परवापासून रमजान लागेल, तेव्हा यंदा फराळ आणि उपास शेजारी शेजारी. संध्याकाळी विजयकुमारकडे गेलो.

संजनावहिनींनी चकली पुढे केली आणि म्हणाल्या, "भावजी, अस्मीने फिजिक्स सोडलं म्हणे? झेपलं नाही वाटतं पोरीला. सगळ्यांनाच जमतं असं नाही हो."

अस्मी समोरच बसली होती. तिने खाली बघितलं नाही. मला त्या क्षणी काय झालं, ते माझं मला ठाऊक नाही. गेला आठवडाभर घरात हेच वाक्य मी वेगवेगळ्या वृत्तांमध्ये म्हटलं होतं. पण ते दुसऱ्याच्या तोंडून, चकलीसोबत, ऐकवेना.

"सोडलं नाही, वहिनी. सोडवलं. मीच सांगितलं तिला," मी म्हणालो. "पहिल्या सेमिस्टरला दोन लॅब पुरतात. तिसरी लॅब हा निव्वळ आईबापांचा सोस. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याने आधी जागं राहायला शिकावं. फिजिक्स कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षीही वस्तू खालीच पडणार आहेत."

"पण आमच्या विघ्नेशने तर..."

"मम्मी, प्लीज," विघ्नेश म्हणाला. तो दाराशी उभा होता. "आय डिडन्ट पास फिजिक्स. समरमध्ये रिपीट केलं. पप्पांना माहितीये."

विजयकुमारने करंजी घेतली. ती करंजी त्याला बराच वेळ पुरली. संजनावहिनी आत गेल्या, दिव्यात तेल घालायला, पण तेलाची बाटली बाहेरच होती. सुमेधा ती घेऊन त्यांच्यामागे गेली आणि दोघी बराच वेळ आल्या नाहीत.

परत येताना गाडीत मला वाटलं होतं, अस्मी काहीतरी बोलेल. किंग फैसल रोडवर ती म्हणाली, "बाबा, यू लाइड."

"तुझ्यासाठी."

"आय नो. पण तो डिसिजन माझा होता. फर्स्ट टाइम, माझा. तो पण तुम्ही घेतलात."

सुमेधा खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, मला दिसलं.

मी गाडी चालवत राहिलो. युक्तिवादात मला हरवणारी माणसं मिरजेत दोन होती. दोघंही वारली. मला वाटलं होतं, तो विषय संपला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

रमजानचे दिवस. ऑफिस दोनला सुटतं. तोपर्यंतही काम नसतं.

केमिस्ट्रीची दुसरी परीक्षा झाली: ८३. बायॉलॉजी ९१. कॅल्क्युलस अजून रडतखडत, पण सरासरी तीनच्या वर राहील असं अस्मी म्हणते. हातावरचा डाग फिका पडलाय. गेल्या शुक्रवारी ती अकरापर्यंत झोपली आणि मी मिक्सर लावू दिला नाही.

दुपारी ती पुढच्या सेमिस्टरची आखणी घेऊन माझ्यासमोर बसली. बायॉलॉजीचा दुसरा भाग, केमिस्ट्रीचा दुसरा भाग, दोन लॅब, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश आणि संगीताचा आस्वाद. फिजिक्स दुसऱ्या वर्षी. उन्हाळा मोकळा. "जस्ट टेलिंग यू, हं. नॉट आस्किंग," तिने आधीच बजावलं.

मी वाचलं. "म्हणजे प्री-मेडला पुरी तीन वर्षं."

"थ्री. देन मेडिकल." मग तिने पेन खाली ठेवलं. "बाबा, का इतकी घाई होती? सीरियसली. आय ॲम एटीन."

मी म्हणालो, मला म्हातारपणी फुकटचा डॉक्टर हवा आहे, आणि गुडघे थांबायला तयार नाहीत. ती हसली. मी तिला सांगितलं की आखणी चांगली आहे. ती खरंच चांगली आहे. माझ्यापेक्षा शहाणपणाची आहे, आणि हे मी संजनावहिनींसमोरच काय, डॉ. रशीदांसमोरही म्हणायला तयार आहे.

घाईचं खरं कारण मी तिला सांगितलं नाही. सुमेधालाही सांगितलेलं नाही. जुलैमध्येच मोठ्या अरबाबांनी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, फार अदबीने सांगितलं होतं की आता कंपनीला करस्पॉन्डंटची गरज उरलेली नाही. माझा व्हिसा एप्रिलमध्ये संपतो, तो ते पुढे वाढवणार नाहीत. मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि जे मला येतं ते इथे कोणालाच नको आहे. तीन वर्षांनी अस्मी मेडिकलच्या दाराशी उभी असेल तेव्हा ती इथे हॉस्टेलवर एकटी असेल आणि आम्ही दोघं मिरजेला; दोन वर्षांत उरकलं असतं तर तिचं एकटीचं एक वर्ष तरी कमी झालं असतं. किंवा तिला सगळं सोडून आमच्याबरोबर यावं लागेल. यातलं काय होईल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते.